जोडून चार जागा

१८ फेब्रुवारी, बुधवार. आजचं काम: तपासणी हॉलमधली सगळी नेटवर्क केबल एकेक करून पुन्हा तपासणे. सोमवारी नवा कंत्राटदार ती उखडायला येणार होता. त्याआधी मला शेवटची खात्री करून घ्यायची होती.

केबल टाकली होती माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने. म्हणजे आमच्या घरचे जावईच. वयाने माझ्याहून बरेच लहान, पण मी त्यांना जावईबापू म्हणते आणि अहो-जाहो करते. आमच्याकडे तसंच चालतं. ते मला ताई म्हणतात. कारखान्यात सगळ्यांना हे नातं माहीत आहे, आणि त्याची गंमतही वाटते, कारण एरवी मी कुणाशी फार गोड बोलणारी बाई नाही.

बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी आणि मशीनची दोन कपाटं. कापड विणून, रंगवून झालं की ते तपासणीच्या मशीनवरून पुढे सरकत जातं. पूर्वी टेबलापाशी बायका बसून डोळ्यांनी दोष शोधायच्या. आता वर चार कॅमेरे आहेत. कॅमेऱ्याने काढलेलं चित्र केबलमधून सर्व्हरकडे जातं, सर्व्हर त्यातली गाठ, तुटका धागा, रंगाचा डाग शोधतो, आणि टेबलावरच्या बायका फक्त तेवढी जागा पाहतात.

आमचं घराणं विणकरांचं. वडील कापडावर तळहात फिरवून गाठ शोधायचे. मला त्या तळहाताची आठवण येऊन गहिवरून वगैरे येत नाही. कॅमेरा जास्त चांगलं शोधतो, आणि त्याची पाठ दुखत नाही. पण न तपासलेलं कापड पुढे गेलं की मात्र मला घरचं अन्न वाया गेल्यासारखं वाटतं.

आणि आमच्याकडे नेमकं तेच होत होतं. चांगलं चालू असताना अचानक चित्रात काळे आडवे पट्टे पडायचे. पट्टा पडला म्हणजे तेवढं कापड दिसलंच नाही. मशीन थांबवायचं, कापड उलटं गुंडाळायचं, पुन्हा सोडायचं. सर्व्हर बंद करून सुरू केला की काही दिवस सगळं ठीक. मग परत पट्टे.

जावईबापूंनी आमच्याकडे दोन कामं केली होती. आधी केबल, आणि दिवाळीच्या सुमारास सर्व्हरसाठी मोठी बॅटरी. आमच्या भागात बुधवारी दुरुस्तीसाठी लाइट बंद असते. मशीन जनरेटरवर चालतात, पण जनरेटर सुरू होईपर्यंतच्या मधल्या वेळात सर्व्हर बंद पडायचा. बॅटरी आल्यापासून ती कटकट मिटली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पट्टे सुरू झाले. आता यावर लोक काय म्हणणार?

आमचे मॅनेजर पुण्याकडचे. माणूस वाईट नाही, पण घाई फार.

"मॅडम, केबल कोणी टाकली?"

"आपल्या कंत्राटदाराने."

"तुमच्या जावयाने."

"माझ्या बहिणीच्या नवऱ्याने."

"मग मी तेच म्हणतोय. काम त्यांचं नवीन, बिघाड नवीन. आणखी काय शोधायचं?"

"केबल तपासलीय सर. चांगली आहे."

"तपासली कोणी?"

"मी."

यावर ते नुसते हसले. मला शिवी दिली असती तर परवडलं असतं.

मग त्यांनी निर्णय सांगितला. नवा माणूस केबल काढून नवी टाकेल, आणि यापुढचं वर्षाच्या देखभालीचं कामही त्यालाच मिळेल. ते काम जावईबापूंना मिळणार असं आधी जवळपास ठरलेलं होतं. त्या भरवशावर त्यांनी हाताखाली दोन माणसं ठेवली होती आणि हिंगण्याकडचं एक काम सोडलं होतं. शिवाय एका कारखान्यातून केबल उखडली गेली की बुटीबोरीत ती बातमी पोचायला वेळ लागत नाही. पुढे दुसऱ्या कुणी त्यांना बोलावलं नसतं.

तर त्या बुधवारी मी केबलचं एक टोक धरून उभी होते आणि दुसऱ्या टोकाला तपासणीचं यंत्र घेऊन जावईबापू. मीच त्यांना बोलावलं होतं. बाहेर लाइट गेलेली होती. आत बॅटरीवर सर्व्हर मजेत चालू होता.

"ताई, एक सांगू काय? सासरवाडीत लोक जावयाची खातिरदारी करतात. तुमी चौकशी करून राहिल्या."

"शिडी धरा."

"धरली. पण मले सांगा, काहून पुन्हा पुन्हा तपासून राहिल्या? केबल काय रोज बदलते?"

"उद्या कुणी विचारलं तर मला छाती ठोकून सांगता आलं पाहिजे."

"तुमी सांगसाल, अन् ते म्हणतीन, बहिणीचा नवरा हाय म्हणून सांगून राहिल्या."

खरं होतं ते. टेबलावरची एक बाई ऐकत होती, ती तोंडाला पदर लावून हसली.

सगळ्या केबल पास झाल्या. एकच गोष्ट मला दिसली: तिसऱ्या कॅमेऱ्याच्या वर केबल बांधायचा एक टाय सुटला होता आणि केबल वीतभर खाली लोंबत होती. त्याने चित्राला काही होत नाही. पण काम म्हणून ते वाईटच. एरवी मी तिथल्या तिथे बोलले असते. त्या दिवसांत बोलले नाही. मी एक शब्द काढला असता तर संध्याकाळपर्यंत तो मॅनेजरांपर्यंत गेला असता: मॅडमनेच मान्य केलं, काम कच्चं आहे. खरा दोष दिसतोय आणि सांगता येत नाही, याचा मला फार त्रास झाला.

आता बिघाडाबद्दल थोडं सांगते. कॅमेऱ्याचं चित्र सर्व्हरकडे एकदम जात नाही, पाकिटांत तुकडे होऊन जातं. साधं पाकीट दीड हजार बाइटचं असतं. कॅमेरेवाल्यांनी आम्हाला नऊ हजारांचं मोठं पाकीट ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे पाकिटांची संख्या कमी आणि सर्व्हरची उठाठेव कमी. आलेलं पाकीट ठेवायला मेमरीत जागा लागते. ती मागून घेण्याचं काम नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर करतो. ड्रायव्हर म्हणजे कार्ड कसं चालवायचं हे सर्व्हरला समजावणारा छोटा प्रोग्राम. पट्टे पडले की सर्व्हर नोंद करायचा: पाकिटासाठी मेमरी मिळाली नाही. आणि त्याच क्षणी मी पाहिलं तर मेमरी भरपूर रिकामी दिसायची. मी कार्डवाल्यांना फोन करून सांगितलं, मेमरी कमी पडतेय. ते म्हणाले, वाढवा. मी दुप्पट केली. पट्टे थोडे उशिरा आले, पण आले. मेमरी आहे आणि मिळत नाही, हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल, ते मला उलगडत नव्हतं.

रविवारी बहिणीकडे साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. जावईबापूंच्या पुतणीचं. घरापुढे मांडव, मांडवात पंगत. मी गेले ती सरळ वाढायलाच उभी राहिले, कारण बहीण माझ्याशी धड बोलत नव्हती आणि हातात भांडं असलं की न बोलणं खपून जातं. तरी तिने मला पाण्याच्या टाकीपाशी गाठलंच.

"उद्या काढून राहिले ना ते केबल?"

"हो."

"अन् तू पाहून राहिली."

"मी तपासली. चांगली आहे."

"मंग सांग ना त्यायले."

"सांगितलं."

"आमाले रागावते तसं सांगतलं असतं तर ऐकलं असतं त्यायनं. घरच्यायवरच तोंड चालते तुयं."

मी कढीचं भांडं उचललं आणि निघाले. कढी थंड होत होती.

पूर्वी पंगत एकदम बसायची आणि एकदम उठायची. आता ज्याचं झालं तो उठतो, आणि त्या जागी दुसरा येऊन बसतो. त्यामुळे थोड्या वेळाने पंगतीत कुठे एक जागा रिकामी, कुठे दोन, असं व्हायला लागतं. तशातच मुलाकडचे मामा उशिरा पोचले. सोबत मामी आणि त्यांचा मोठा मुलगा. मुलाकडची मंडळी म्हणजे मान. त्यांना विखरून बसवता येत नाही.

"बसा ना मामाजी, जागा लय हाय," जावईबापू म्हणाले.

"चार जोडून पाहिजेत."

"तुमी तर तिघंच."

"मामीले नीट बसता आलं पाहिजे. चार जोडून असतील तर सांगा."

जावईबापू या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले. रिकाम्या जागा मोजल्या तर दहा-बारा भरल्या असत्या, पण जोडून चार कुठेच नव्हत्या. कुणाला सरकवावं, तर जेवत्या माणसाला ताटावरून उठवत नाहीत. मामा तोंड फिरवून मांडवाबाहेर खुर्चीवर जाऊन बसले.

बहीण कपाळाला हात लावून म्हणाली, "पाय ना, एवढी जागा रिकामी, अन् पाहुणा बिनजेवणाचा!"

मी कढी वाढता वाढता थांबले. कुणाच्या तरी भातावर जरा जास्तच पडली. जागा रिकामी आणि पाहुणा बिनजेवणाचा. माझ्या सर्व्हरवर हेच होत होतं. मेमरी पानांच्या हिशोबात वाटली जाते, एक पान चार हजार बाइटच्या आसपास. नऊ हजारांच्या पाकिटाला तीन पानं पुरतात, पण पानं एक, दोन, चार अशाच गठ्ठ्यांत मिळतात, म्हणून ड्रायव्हर चार मागतो, आणि तीही जोडून. सर्व्हर बरेच दिवस चालू राहिला की चित्रं डिस्कवर लिहिताना त्याची कामं मेमरीत जागा मिळेल तिथे बसतात. रिकामी पानं भरपूर, पण विखुरलेली. मग मोठं पाकीट आलं की त्याला जागा नाही. ते टाकून दिलं जातं, आणि चित्रात तेवढा काळा पट्टा.

तेवढ्यात जावईबापूंनी ओसरीवर वेगळी सतरंजी अंथरली आणि मामांना तिथे नेऊन बसवलं. मामांचा राग बुंदी येईपर्यंत उतरला होता.

सोमवारी मी कारखान्यात पोचले तेव्हा नव्या कंत्राटदाराची माणसं शिडी लावत होती. मी सरळ मॅनेजरांच्या खोलीत गेले.

"संध्याकाळपर्यंत थांबवा सर."

"मॅडम, नात्यात अडकू नका."

"अडकायला नको म्हणूनच त्यांची केबल मी वापरणारच नाहीये. तुम्ही समोर उभे राहा."

आमच्याकडे जादा पडलेला एक सर्व्हर होता, तेच कार्ड, तोच ड्रायव्हर. तो मी टेबलावर ठेवला. शेजारी एक कॅमेरा. मध्ये खोक्यातून काढलेली, कंपनीने बनवून दिलेली हातभर केबल. मग सर्व्हरला जुन्या चित्रांचे ढीग या डिस्कवरून त्या डिस्कवर नकलायला लावले, म्हणजे मेमरीत दाटी व्हावी. बराच वेळ काही झालं नाही. मॅनेजर घड्याळ बघायला लागले. कंत्राटदाराची माणसं शिडीवर बसून चहा प्यायला लागली. हे चुकलं असतं तर मला दुसरं काही सुचणार नव्हतं.

"मॅडम!" टेबलावरची ती हसणारी बाई ओरडली. "पट्टा पडला जी!"

एवढ्या महिन्यांत पट्टा पाहून मला आनंद झाला तो त्याच वेळी. मॅनेजरांनी केबलची दोन्ही टोकं हातात घेऊन पाहिली.

"ही कोणी टाकली?"

"कुणीच नाही. खोक्यातून काढली, तुमच्यासमोर."

ते खुर्ची ओढून बसले. मी त्यांना पंगत सांगितली. मामा सांगितले. मामीची जागाही सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आमच्याकडे आता बुफे असतो," ते म्हणाले. "हा प्रश्नच येत नाही."

"तेच करायचंय सर. बुफेत प्रत्येक जण जागा मिळेल तिथे ताट घेऊन उभा राहतो. पाकिटाला पण तसं तीन ठिकाणी उभं करायचं, आणि कोण कुठे आहे तेवढं ध्यानात ठेवायचं."

मग कार्डवाल्यांना पुन्हा फोन लावला. या वेळी मेमरी कमी पडते असं म्हटलं नाही. म्हटलं, मोठ्या पाकिटासाठी जोडून जागा मागता, ती मिळत नाही, सुटी पानं घेता येत नाहीत का? पलीकडचा माणूस म्हणाला, येतात की, नव्या ड्रायव्हरमध्ये तीच सोय आहे. जणू काही हे गल्लीतल्या पोरांनाही माहीत होतं. आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने तेव्हाही दिलं होतं.

टेबलावरच्या सर्व्हरवर नवा ड्रायव्हर घातला. तोच कॅमेरा, त्याच चित्रांच्या ढिगाची नक्कल. पाळी संपेपर्यंत एकही पट्टा नाही. मॅनेजरांनी स्वतः हॉलमध्ये जाऊन शिड्या उतरवायला सांगितल्या. पण केबलचा निर्णय लगेच बदलला नाही. म्हणाले, खऱ्या सर्व्हरवर चालू दे, मग बघू. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

हॉलमधल्या सर्व्हरवर मी दोन गोष्टी केल्या. नवा ड्रायव्हर घातला. आणि ओसरीवरच्या सतरंजीसारखी थोडी मेमरी अडीअडचणीसाठी कायम राखून ठेवली, एवढ्यातेवढ्याला तिला हात लावायचा नाही असं सर्व्हरला सांगून. त्यानंतर फक्त वाट पाहायची होती. रोज सकाळी हॉलमध्ये शिरले की मी आधी टेबलावरच्या बाईकडे पाहायची. ती मान हलवायची: नाही. बुधवार आला, लाइट गेली, आली. नाही. होळी झाली, रंगाने माखलेले हात घेऊन लोक कामावर आले. तरी नाही. एरवी पट्टे सुरू व्हायचे तो काळ कधीच मागे पडला होता.

शेवटी मॅनेजरांनीच मला बोलावलं.

"एक कळलं नाही. हा ड्रायव्हर पहिल्यापासून होता. मग त्रास जावयांच्या कामानंतरच का सुरू झाला?"

या प्रश्नाची मी वाट पाहत होते.

"बॅटरीमुळे सर. आधी दर बुधवारी लाइट जायची, सर्व्हर बंद पडायचा. म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी पंगत उठायची, सतरंज्या झटकून परत अंथरायच्या. जागा विखुरायला वेळच मिळत नव्हता. त्यांनी बॅटरी बसवली तेव्हापासून सर्व्हर बंदच पडला नाही. त्यांचा दोष विचाराल तर एवढाच, की काम चांगलं केलं."

मॅनेजर मोठ्याने हसले. मग फोन उचलून माझ्यासमोरच त्यांनी जावईबापूंना देखभालीचं काम दिल्याचं सांगितलं. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. मॅनेजर मात्र दोनदा म्हणाले, "अहो, माझे नका, तुमच्या ताईंचे आभार माना."

त्या संध्याकाळी परत येताना मला बसमध्ये झोप लागली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. माझा थांबा गेला, पुढच्या थांब्यावर उतरून चालत आले. घरी पोचले तर बहिणीचा फोन येऊन गेलेला. मी उलट फोन केला. तिने आभार वगैरे मानले नाहीत. म्हणाली, "त्या दिवशी कढी चांगली झालती. तू लवकर निघून गेली." आमच्यात एवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये पोचल्या पोचल्या मी जावईबापूंना फोन लावला.

"तिसऱ्या कॅमेऱ्यावरचा टाय सुटलाय. केबल वीतभर लोंबतेय. ही काय कामाची पद्धत झाली?"

"कधीपासून ताई?"

"त्या दिवशी तुम्ही शिडी धरली होती ना, तेव्हापासून तरी."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"आज सांगतेय. आजच या, आणि बाकीचे टायही बघून घ्या."

"येतो. चहा ठेवा मंग. जावई येऊन राहिला."

मी फोन ठेवला आणि शिडी काढून तिसऱ्या कॅमेऱ्याखाली लावून ठेवली.